वहीतला हिशोब आणि व्हिसाची फाइल

लग्नानंतर दीड वर्ष मी देवगड तालुक्यात आणि नवरा कॅनडात, ओंटारिओमध्ये. तो तिथला पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी असलेला, त्यामुळे मला बोलवायचं तर स्पॉन्सर त्यालाच व्हायचं होतं. अर्ज भरायला बसलो तेव्हा नात्याच्या पुराव्यांची काळजी नव्हती. लग्नपत्रिका, फोटो, रोजचे कॉल, चतुर्थीला तो घरी आल्याची तिकिटं, सगळं होतं. अडलो ते पैशापाशी, आणि त्याहून जास्त माझ्या कामापाशी. आमच्याकडच्या मुली याच जागी अडतात असं मी आता पाहते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी नियम. नवरा किंवा बायकोला बोलावताना कॅनडात बहुतेक अर्जांना उत्पन्नाची ठरावीक किमान रक्कम नाही. आईवडिलांना बोलावताना असते, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. क्वेबेक प्रांताची पद्धत वेगळी आहे, तिथल्यांनी ती स्वतंत्र पाहावी. पण किमान रक्कम नाही म्हणजे पैशाचा प्रश्नच नाही, असं नव्हे. स्पॉन्सर सोशल असिस्टन्सवर, म्हणजे सरकारी मदतीवर जगत असेल तर तो स्पॉन्सर होऊ शकत नाही. अपंगत्वासाठी मिळणारी मदत याला अपवाद. तो ज्या फॉर्मवर सही करतो, आयएमएम १३४४, त्यात हमी असते: जोडीदार पर्मनंट रेसिडेंट झाल्या दिवसापासून ३ वर्षं त्याच्या मूलभूत गरजा मी भागवीन. नोकरी गेली, घटस्फोट झाला, तरी ही हमी सुटत नाही. त्याच फॉर्ममध्ये आपणही कबूल करतो की स्वतःच्या पायावर उभं राहायचा प्रयत्न करू. शिवाय त्यांच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३९ आहे. येणारी व्यक्ती स्वतःचा खर्च चालवू शकणार नाही आणि तिच्यासाठी दुसरी सोयही नाही, असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो अर्ज नाकारू शकतो. म्हणून स्पॉन्सरचा पगार बेताचा असेल तर आपण काय काम करू शकतो हे दाखवण्याला वजन येतं.

आमच्या बाबतीत पगार बेताचाच होता. आदल्या वर्षी नवऱ्याचा अर्धा काळ शिक्षणात गेलेला, मग एका गोदामात काम, तिथे कपात झाली, काही आठवडे बेरोजगारी विम्यावर, नंतर बेकरीच्या कारखान्यात कायमची नोकरी. तिथल्या आयकर खात्याकडून रिटर्न तपासल्यावर नोटीस ऑफ असेसमेंट मिळते. तिच्यावरचा आकडा बघून आम्ही दोघंही गप्प झालो. विम्याचे ते आठवडे आपल्याला नडणार, या भीतीने त्याने महिनाभर अर्ज पुढे ढकलला. ही भीती फुकटची होती. तो विमा पगारातून कापलेल्या हप्त्यांतून मिळतो, सोशल असिस्टन्समध्ये तो धरत नाहीत. तुमच्याही घरात ही चर्चा चालू असेल तर ती थांबवा.

आकडा लहान आहे म्हणून तो कागद लपवायचा नाही. आम्ही नोटीस ऑफ असेसमेंट लावली, शेजारी चालू नोकरीच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र लावलं. पत्रात पद, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, तासाचा दर आणि नोकरी कायम असल्याचा उल्लेख असा सगळा तपशील मागून घेतला. आणि चार ओळींत लिहिलं की मागच्या वर्षाचा आकडा कमी का आणि आता काय आहे. तो राहतो त्या खोलीच्या मालकिणीकडून भाड्याचं पत्र आणलं: दोघं राहणार, भाडं इतकं, तिची हरकत नाही.

आता माझं. बीकॉम झाल्यावर चार वर्षं मी काकांच्या आंबा-कोकमाच्या कारखान्यात काम केलं. हापूसचा रस, आंबापोळी, आमसुलं, आगळ. मजुरी वाटणं, बरण्या आणि लेबलं मागवणं, वाशीच्या दलालाकडून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, वहीत चढवणं, पुण्याच्या दुकानांना माल पाठवणं. मार्च ते जून अंग मोडेपर्यंत काम आणि पावसात वह्या मिटवायच्या. पगार नाही. काका हातात पैसे ठेवायचे, लागतील तसे. फॉर्ममध्ये मागच्या दहा वर्षांचा हिशोब महिन्यावार द्यावा लागतो, एकही महिना रिकामा चालत नाही. तिथे मी आधी ‘गृहिणी’ असं लिहिलं होतं. काकीला विचारलं तर ती म्हणाली, “घरचा काम ता. तेचो कागद कित्याक होयो?”

मला त्या दिवशी वाईट वाटलं ते काकीच्या बोलण्याचं नाही. मी स्वतःही तसंच समजत होते, याचं. चार वर्षं ज्या बाईने एका कारखान्याचे हिशोब सांभाळले तिला आपण बिनकामाची लिहितो. कोकणात कलमांच्या, काजूच्या, मासळीच्या धंद्यात अशा कितीतरी बायका आहेत. काम खरं असतं, कागद नसतो. आणि फाइल तपासणाऱ्या अधिकाऱ्याने तुमचं घर पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर फक्त कागद असतात.

मग कागद शोधायला लागले, आणि ते निघाले. काकांनी पत्र दिलं, पण सख्ख्या काकांच्या पत्राला एकट्याने जोर नाही. त्यांचे सीए माझ्याच अक्षरातल्या वह्यांवरून दर वर्षी रिटर्न भरत होते. त्यांनी त्यांच्या लेटरहेडवर तसं लिहून दिलं. माझ्या नावाने आलेल्या ऑर्डरींचे ईमेल छापले. कारखान्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी जोडली, म्हणजे कारखाना खरा आहे हे दिसावं. ‘मॅनेजर’ असं पद लिहून देतो, असं काका प्रेमाने म्हणाले. मी नको म्हटलं. हिशोब आणि मालाची रवानगी, जे केलं तेवढंच लिहिलं.

एक गोष्ट मुद्दाम केली, आणि ती प्रत्येकीने करावी असं मला मनापासून वाटतं. अर्जाच्या आधी आठ महिने नात्यातल्या नसलेल्या माणसाच्या काजू कारखान्यात हिशोबाची नोकरी धरली. पगार थोडा, पण दर महिन्याला बँकेत जमा, पीएफ कापलेला, नेमणूकपत्र हातात. चार वर्षांच्या कामाला या आठ महिन्यांनी आधार दिला, कारण काम तेच होतं आणि आता ते बँकेच्या पासबुकात दिसत होतं.

एमएस-सीआयटी आणि टॅलीची सर्टिफिकेटं आपल्याकडे सगळ्यांना कळतात, तिथे कुणाला कळणार? प्रत्येकाखाली एक ओळ लिहिली: हा कसला कोर्स, किती महिन्यांचा, त्यात काय शिकवतात. इंग्रजीची परीक्षा या अर्जाला लागत नाही. तरी मी आयईएलटीएस दिली, नोकरी शोधताना उपयोग होईल म्हणून. रेझ्युमे तिथल्या रीतीचा केला: फोटो नाही, जन्मतारीख नाही, विवाहित की अविवाहित तेही नाही. कॅनडा सरकारच्या जॉब बँकेच्या साइटवर शहरानुसार जागा आणि पगार दिसतात. नवऱ्याच्या शहरातल्या हिशोबनिसाच्या आणि अन्नप्रक्रिया कारखान्यातल्या जागा मी छापून लावल्या. दुसऱ्या प्रकारच्या जागा का, तर पहिले काही महिने पॅकिंगचं काम करायचीही माझी तयारी होती आणि ते काम मला येतं. हे सगळं एका पानाच्या पत्रात बांधलं: घरभाडं, किराणा, प्रवास असा महिन्याचा खर्च, त्याचा पगार, आमची शिल्लक, मला मिळू शकणारं काम. माझ्या मते आख्ख्या फाइलमधलं सगळ्यात उपयोगाचं पान तेच.

शिल्लक दाखवताना दोन मोह होतात. एक जमिनीचा. सातबाऱ्यावर एकवीस नावं, वाटप झालेलं नाही, त्यातला आपला हिस्सा उद्या मोडून कॅनडात भाडं भरता येणार नाही. मी सातबारा लावलाच नाही. वडिलांनी माझ्या नावावर ठेवलेली मुदत ठेव आणि नवरा दर महिन्याला पाठवत होता त्या पैशांच्या नोंदी लावल्या. या नोंदींनी नात्याचाही पुरावा झाला. दुसरा मोह जास्त वाईट. ओळखीतल्या एकाने सुचवलं, पाच लाख खात्यात फिरवून घे, महिन्याने परत दे. हे करू नका. खोटं चित्र उभं केल्याचं सिद्ध झालं तर ५ वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. आणि अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली मोठी रक्कम कुणाच्याही नजरेत भरते.

भाषांतराची चूक माझ्याकडून झाली. मराठी कागद इंग्रजीत करून द्यावे लागतात. माझा मामेभाऊ वकील, त्याने दोन रात्री बसून सगळं केलं. नंतर सूचना नीट वाचल्या तर अर्जदाराने, जोडीदाराने किंवा काका, मामा, चुलत-मामे भावंडांपर्यंतच्या नातेवाइकाने केलेलं भाषांतर चालत नाही, मग तो वकील असो की नोटरी. सगळं पुन्हा बाहेरून करून घेतलं, भाषांतरकाराच्या शपथपत्रासह. त्याच वेळी नावं तपासली. डिग्रीवर माहेरचं नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही, आधारवर सासरचं, आणि तालुक्याचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांवर ‘देओगड’. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आणि ही दोन्ही स्पेलिंगं एकाच तालुक्याची, असं प्रतिज्ञापत्र करून जोडलं. मेडिकल त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करावं लागतं. त्यासाठी कणकवलीहून कोकणकन्येने मुंबई गाठली.

अर्ज गेल्यावर फाइल बांधून माळ्यावर टाकू नका. नवरा दर महिन्याची स्लिप मला पाठवत होता, मी पासबुक भरून घेऊन स्कॅन करत होते, नावाला तारीख देऊन एकाच फोल्डरमध्ये. चतुर्थीच्या आठवड्यात, घरात पाहुणे, पावसाने लाइट जाऊन-येऊन, तेव्हा त्यांचं पत्र आलं: स्पॉन्सरच्या पगाराचे ताजे कागद ३० दिवसांत पाठवा. आम्ही चौथ्या दिवशी पाठवले, तेही रेंज यायला तीन दिवस गेले म्हणून.