पऱ्हाटीचं झाड अन् केळीचं पान: आमच्या नाताळची तयारी

नोव्हेंबर सरत आला की आमच्या भुसावळात पहाटेची थंडी पडायला लागते अन् घरात नाताळचं बोलणं निघतं, म्हणून म्हटलं यंदा तयारीची यादी आधीच लिहून ठेवू, कारण ऐन 22-23 तारखेला बाजारात गेलं की हाताला येईल ते प्लॅस्टिक पिशवीत पडतं हे मी दरवर्षी बघतेय. कचरा न करता सण करायचा तर खर्च उलट कमीच येतो, फक्त दिवस जास्त लागतात, तेवढं लक्षात ठेवा.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार यायच्या आत माळ्यावरचं खोकं खाली काढा. काय आहे, काय तुटलंय, कोणती माळ लागते, कोणती नाही, सगळं चादरीवर पसरून बघा. त्यात जुनं प्लॅस्टिकचं झाड असेल तर ते फेकू नका, पर्यावरणाच्या नावाखाली चांगली वस्तू कचऱ्यात घालणं मला अजिबात पटत नाही. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्टने हिशोब मांडला होता की 2 मीटरच्या अशा एका झाडामागे साधारण 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार असतो, म्हणजे ते एकदा घेतलंच असेल तर 10-12 वर्षं तरी वापरलं पाहिजे. तुमच्याकडे असेल तर तेच लावा, कुणाला नको असेल तर त्याच्याकडून मागून आणा, नवीन मात्र घेऊ नका. अन् नर्सरीत कुंडीतलं क्रिसमस ट्री मिळतं त्याबद्दलही सांगते, दिसतं फार गोड, पण ते आपल्या हवेचं झाड नाही, आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो त्यात ते होरपळून जातं, मी दोनदा आणलं अन् दोन्ही वेळा जूनपर्यंत नुसत्या काड्या उरल्या, फार जीव हळहळला.

मग झाड आणायचं कुठून? अहो, खान्देशात डिसेंबरला शेतं भरून झाडं उभी असतात! कपाशीची वेचणी उरकत आलेली असते अन् पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायच्या असतात. ओळखीच्या शेतकरी दादाला नोव्हेंबरातच सांगून ठेवा की तीन-चार चांगल्या फांद्यावाल्या पऱ्हाट्या मुळासकट बाजूला ठेव म्हणून, तो पैसेसुद्धा घेणार नाही, पण जाताना घरचा फराळ न्या. त्या तिन्ही-चारी एकत्र धरून मधे सुतळीने बांधायच्या, जुन्या घागरीत नाहीतर बादलीत वाळू भरून रोवायच्या, बस झालं झाड. शेंड्याला न वेचलेली दोन-चार बोंडं असतात ना, ती उमलून पांढरीशुभ्र झालेली, ती तशीच राहू द्या. बाजारात कापसाचा नाहीतर थर्माकोलच्या गोळ्यांचा बर्फ विकत घेतात अन् इथं झाडालाच कापूस लागलेला. पहिल्या वर्षी मी हे झाड दारात आणलं तेव्हा आमच्या सासूबाई, त्या साक्रीकडच्या, बघतच राहिल्या, म्हणाल्या, "हाई काय शे व माय, चुलीमा घालानं घरमा आणं?" अन् 24 तारखेला त्यांनीच सगळ्यात वरची चांदणी बांधली.

यात एक काळजी घ्यायचीच. किडलेल्या, अर्धवट उघडलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते, म्हणून तर कृषी खातं सांगत असतं की फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी झाल्यावर पुढच्या बहारासाठी कपाशी उभी ठेवू नका, अन् पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर साठवू नका. तेव्हा अशी बोंडं शेतातच तोडून टाका, चांगली तेवढी घरी आणा, अन् सण झाला की झाड गच्चीवर नाहीतर परसात पडू देऊ नका, त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते.

सजावटीला पोरांना कामाला लावा. बाभळीच्या शेंगा, चिंचोक्यांच्या माळा, जुन्या काचेच्या बांगड्या, ब्लाउजपीसच्या चिंध्यांचे गोंडे, आजीच्या तुटक्या माळेतले मणी. चमकी तेवढी आणू नका, ती म्हणजे प्लॅस्टिकचा भुगाच असतो, एकदा सांडली की झाडून निघत नाही अन् पाण्याबरोबर गटारीतून थेट तापीत जाते. स्प्रेचा बर्फही नको. थर्माकोलच्या सजावटीवर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे, तरी कुठे ना कुठे विकायला असतं, आपण घ्यायचं नाही.

चांदणीचं काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्या. बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या आणायच्या, पतंगाचे ताव अन् मैद्याची खळ, एवढ्यात अंगणातली मोठी चांदणी होते, माझे मामा दरवर्षी करायचे, आता माझा पोरगा करतो. आत बल्ब मात्र एलईडीचा टाका. साधा हिशोब आहे, 60 वॅटचा जुना बल्ब रोज 5 तास अशी 1 डिसेंबर ते 6 जानेवारी, म्हणजे 37 दिवस लावला तर 11 युनिट जळतात, तेच 5 वॅटच्या एलईडीला पुरतं एक युनिटही लागत नाही. शिवाय एलईडी तापत कमी अन् आपलं झाड वाळलेलं आहे, तेव्हा झाडावरही तीच माळ, अन् झोपताना बंद करायची म्हणजे करायची. पणती, मेणबत्ती झाडाच्या आसपासही नको.

गव्हाणीची तयारी मला सगळ्यात जास्त आवडते. ख्रिस्तजन्माचा देखावा मांडायची सुरुवात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात केली असं मानतात, अन् तिथं काय होतं तर खरा चारा, खरा बैल अन् खरं गाढव. आपल्याकडे तर हे सगळं दारातच आहे. खरिपाच्या ज्वारीचा कडबा, तुराट्यांचं छप्पर, शाडूची नाहीतर कुंभाराकडची मातीची मेंढरं. जुन्या मूर्ती असतील तर त्याच दरवर्षी, रंग उडाला तरी त्याच, बाळ येशूची आमची मूर्ती माझ्या आजेसासूंच्या वेळची आहे. हिरवळीला प्लॅस्टिकचं गवत आणू नका, 12-13 तारखेला परातीत माती घेऊन गहू पेरा, आपण अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईचे नाहीतर घटाला पेरतो तसे. नाताळापर्यंत चांगले हिरवेगार होतात. गंमत म्हणजे तिकडे क्रोएशियातही 13 डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, नाताळासाठी असेच गहू पेरायची रीत आहे. नंतर ती परात शेळीपुढे ठेवायची, पाच मिनिटांत साफ.

कॅरलवाल्यांची, म्हणजे नाताळची गाणी म्हणत येणाऱ्यांची, तयारी लोक विसरतात. आमच्या चर्चच्या मंडळीत 15 तारखेनंतर रोज रात्री ढोलकी-खंजिरी घेऊन 25-30 जण घरोघर फिरतात, प्रत्येक घरी चहा, म्हणजे रात्रीचे दीड-दोनशे कप कचऱ्यात. कागदी कप म्हणून मन खुश होतं पण त्यालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतोच. आम्ही दोन वर्षांपासून गल्लीत मिळून 40 स्टीलचे ग्लास केलेत, एका टोपलीत ठेवतो, ज्या घरी कॅरल त्या घरी टोपली पुढे जाते, अन् धुवायला एक बादली पाणी पुरतं. आधी लोकांनी नाक मुरडलं, आता टोपली कुणाकडे आहे म्हणून फोन येतात.

फराळाला तेल घाण्यावरून स्वतःच्या डब्यात आणा, मैदा-साखर सुटी घ्या. करंज्या, शंकरपाळे, चकल्या आपण करतोच, केकला पिकून काळी पडलेली केळी वापरा, यावल-रावेरच्या पट्ट्यात राहून केळीला काय तोटा. साच्यात मिश्रण भरून बेकरीत नेलं तर ते भट्टीत भाजून देतात, नानकटाई पूर्वी तशीच व्हायची, एका भट्टीत दहा घरांचं काम होतं. बाहेरून घेतला तर डबा घेऊन जा अन् प्लॅस्टिकची सुरी नको म्हणून आधीच सांगा.

25 च्या जेवणाला केळीची पानं. पण उभ्या बागेतली चांगली पानं तोडायला लावू नका, पान गेलं की घड पोसत नाही. घड कापून झालेल्या बागेत जा, तिथली पानं तशीही खाली पडणार असतात. खांबाचं सोपट, म्हणजे सालपट, पण घेऊन या, वाळवून ओलं केलं की दोरीसारखं बांधायला येतं. पानं कमी पडली तर सातपुड्याकडून येणाऱ्या पळसाच्या पत्रावळी-द्रोण, बाजारात विचारलं तर मिळतात, अन् चकचकीत थर लावलेल्या कागदी प्लेटांपेक्षा त्यात जेवायला मजा येते. स्टीलची ताटं असतील तर तीही चांगली, फक्त 60 माणसांची ताटं धुवायचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावं लागतं, आमच्याकडे नळाला रोज येत नाही म्हणून आम्ही पानंच घेतो. बेत ठरवताना माणसं मोजा अन् मगच मसाला वाटा. काळ्या मसाल्याचं मटण, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, अन् भरीत तर हवंच, डिसेंबरात वांगी नुसती लोण्यासारखी असतात, जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय तो उगाच नाही. उरलंसुरलं लगेच डब्यांत भरून शेजारी द्यायचं, हाडं वेगळ्या घमेल्यात, पानं गोठ्यात.

भेटवस्तूंना रॅपर विकत आणू नका. जुन्या सुती साडीचे तुकडे, पोटली बांधायची अन् वर सोपटाची गाठ. घरात आधीचा कागद असेल तर मुठीत चुरगळून बघा, चुरगळलेला राहिला तर साधा कागद, परत उलगडला तर त्यात प्लॅस्टिक आहे, तो जपून पुन्हा वापरा. चर्चच्या बॅनरचंही तसंच, फ्लेक्सऐवजी मांजरपाटावर रंगवून घ्या अन् त्यावर साल घालू नका, आमचा बॅनर चौथ्या वर्षी चालू आहे.

24 च्या रात्रीच्या उपासनेला हातात धरायच्या मेणबत्त्यांखाली प्लॅस्टिकचे कप लावतात, त्याऐवजी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या मधे भोक पाडून कापून ठेवा, अंगणाला दिवाळीच्याच पणत्या. फटाक्यांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये नाताळच्या रात्री 11:55 ते 12:30 एवढीच वेळ ठरवून दिली होती, आम्ही तेवढेही वाजवत नाही, शांत रात्री घंटा ऐकायला बरी वाटते अन् गल्लीतली कुत्री, म्हातारी माणसं, तान्ही बाळं सगळी नीट झोपतात.

6 जानेवारीला, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांच्या सणाला, झाड उतरवायचं. बांगड्या, मणी, गोंडे खोक्यात, माळ जुन्या पुठ्ठ्यावर गुंडाळून, चांदणीची कामटी माळ्यावर. राहिलेला कापूस वातींना. अन् पऱ्हाट्या त्याच संध्याकाळी मोडून अंगणात पेटवायच्या, चुकून राहिलेली अळीही त्यात जाते, अन् त्यावर पाच-सहा किलो वांगी भाजायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे लाकडी बडगीत कुटून घ्यायचे, वरून कांद्याची पात. ज्या दादाने पऱ्हाट्या दिल्या त्याला घरच्यांसकट जेवायला बोलवायचं आहे, त्याचा फोन आत्ताच करून ठेवा, जानेवारीत तो हरभऱ्याच्या पाण्यात अडकतो.