गिअरबॉक्स बदलल्यावर क्लच सुटत नसेल तर

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा चार गिअरचा मूळ गिअरबॉक्स काढून तिथे फोर्ड सिएराचा पाच गिअरचा ‘टाइप ९’ बसवणे जुन्या गाड्यांच्या शौकिनांत चांगलेच रुळले आहे. मात्र बॉक्स नीट बसूनही रिव्हर्स टाकताना गिअर खरखरला, म्हणजे पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, तर बॉक्स पुन्हा खाली उतरवण्याची घाई करू नये.

क्लचचे पेडल मास्टर सिलिंडरमधले तेल दाबते आणि ते तेल नळीतून बॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा दांडा ढकलून क्लच सोडवते. आधी हा दांडा किती सरकतो ते मोजावे. इंजिन बंद ठेवून, चाकांना अडण्या लावून, दांड्यावर खूण करावी आणि मदतनिसाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगावे. मास्टर सिलिंडरचा व्यास १९.०५ मिमी आणि स्लेव्हचा २५.४ मिमी असेल, तर मास्टरचा पिस्टन २८ मिमी सरकल्यावर स्लेव्हचा दांडा सुमारे १५.७ मिमी सरकायला हवा. व्यासांच्या वर्गांचे गुणोत्तर काढले की आपल्या गाडीचा आकडा मिळतो. अपेक्षेपेक्षा बराच कमी आकडा आला, तर दोष बहुधा बॉक्सच्या बाहेरच असतो.

पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर आकडा वाढला, तर नळीत हवा आहे असे समजावे. ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढण्याचा, निपल स्लेव्ह सिलिंडरच्या सर्वांत वरच्या बाजूला आहे ना, हे पाहावे. नव्या ब्रॅकेटवर सिलिंडर उलटा बसला की साबुदाण्याएवढे बुडबुडे वरच्या कोपऱ्यात अडकतात आणि कितीही ब्लीडिंग केले तरी निघत नाहीत. अशा वेळी सिलिंडर सोडवून, निपल वर येईल असा धरून ब्लीडिंग करावे. मात्र पिस्टन बाहेर निसटू नये म्हणून दांडा आत दाबून ठेवावा. पेडल दाबून धरले असता दांडा हळूहळू मागे येत असेल आणि कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टरचे सील गेलेले असते. पेडलची पिन झिजली असेल, तर पेडलची बरीचशी चाल मास्टरपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जाते. ही स्वस्तातली वस्तू सर्वांत शेवटी पाहण्याची सवय का पडते, कोण जाणे.

दांडा पुरेसा सरकूनही खरखर राहिली, तर मात्र दोष आत आहे. सपाट जमिनीवर, इंजिन बंद असताना, गिअर टाकून आणि क्लच दाबून गाडी ढकलून पाहावी. ती सहज सरकली, पण इंजिन चालू असताना खरखर होतच राहिली, तर पहिला संशय पायलट बुशवर, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टचे टोक इंजिनच्या बाजूला ज्या बुशमध्ये बसते त्यावर, घ्यावा. नव्या बॉक्सचा शाफ्ट त्या बुशमध्ये घट्ट बसला, तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरतच राहतो. गाडी सरकलीच नाही, तर क्लच प्लेट उलटी बसली आहे का, ती शाफ्टच्या खाचांवर मोकळी सरकते का आणि रिलीज बेअरिंगची (क्लच दाबून सोडवणाऱ्या बेअरिंगची) उंची बरोबर आहे का, हे बॉक्स उतरवूनच तपासावे लागते.

बॉक्स बदलण्याच्या काही किटमध्ये स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या, आतच शाफ्टभोवती असतो. तिथे दांडा दिसत नाही, म्हणून बॉक्स चढवण्यापूर्वीच रिलीज बेअरिंग आणि ते ज्यांना दाबते त्या प्रेशर प्लेटच्या बोटांमधले अंतर मोजून किटच्या पत्रकाशी ताडून पाहावे.