तेरायामांच्या चित्रपटाला प्रतिसाद कसा द्यावा

जपानी दिग्दर्शक शूजी तेरायामा यांचा ‘पुस्तके फेका, रस्त्यावर या’ हा १९७१ सालचा चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर नुसता काळोख असतो, आणि मग नायक थेट आपल्यालाच विचारतो की अंधारात बसून तुम्ही कसली वाट पाहत आहात. त्या क्षणी चीड आली, संकोच वाटला की हसू फुटले, हे चित्रपट संपताच, कोणाशीही बोलण्याआधी वहीत उतरवावे. ‘काही कळले नाही’ हे वाक्य मात्र निदान एक दिवस लांबणीवर टाकावे, कारण ते लिहिले की मन पुढे शोधायचे थांबते.

कथेचा धागा तसा साधा आहे. बेकार बाप, आजी, सशात जीव गुंतलेली बहीण आणि या घरातून उडून जाण्याची स्वप्ने पाहणारा मुलगा. मात्र चित्रचौकटीवर मध्येच हिरवी किंवा जांभळी छटा चढते, गाणी घुसतात, रस्त्यात टांगलेल्या पंचिंग बॅगवर येणारे-जाणारे ठोसे मारू लागतात. अशा जागी अर्थ लावत बसण्यापेक्षा छटा कोणत्या प्रसंगी आली आणि कधी गेली, एवढेच टिपावे. दुसऱ्यांदा पाहताना हीच टिपणे उपयोगी पडतात.

पार्श्वभूमी थोडी तरी वाचावी. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध १९६० मध्ये जपानमध्ये प्रचंड आंदोलन झाले, जानेवारी १९६९ मध्ये पोलिसांनी तोक्यो विद्यापीठाचे यासुदा सभागृह विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतले, आणि १९७० मध्ये करार तरीही चालूच राहिला. नायकाची घुसमट त्याच्या पुढच्या वर्षीची आहे, हे ध्यानात घेतले की त्याचे ओरडणे निव्वळ पोरकट वाटत नाही.

एका बाबतीत मात्र भीड बाळगू नये. बहिणीवर फुटबॉल संघातील तरुण सामूहिक बलात्कार करतात, तो प्रसंग मला आजही असह्य होतो. तिच्या यातना भावाच्या दुबळेपणाचे साधन होऊन राहतात, असे माझे ठाम मत आहे. चित्रपट प्रायोगिक आहे म्हणून हा आक्षेप गिळू नये, आणि आक्षेप आहे म्हणून बाकीचे कौतुकही लपवू नये. दोन्ही एकाच परिच्छेदात लिहावे.

शेवटी नायक पुन्हा प्रेक्षकांशी बोलतो. तो गप्प होईपर्यंत जागेवरून उठू नये, आणि घरी आल्यावर त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहावे.