घर संस्थेला द्यायचंय, पण राहायचंही तिथंच? या चुका टाळा

ओळखीतल्या एका काकांनी बक्षीसपत्राचा मसुदा वाचायला दिला. फ्लॅट एका धर्मादाय संस्थेला, आणि खाली एक ओळ: ‘माझ्या हयातीपर्यंत मी सदर सदनिकेत राहीन.’ मी विचारलं, “आणि काकू?” काका म्हणाले, “ती माझ्याबरोबरच राहणार की!” काकू त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. काकांच्या पश्चात त्यांना त्याच घरात राहायचा हक्क देणारा एक शब्दही त्या कागदावर नव्हता.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ‘दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या हयातीपर्यंत’ असं स्पष्ट लिहा. घर दोघांच्या नावावर असेल तर देणारे म्हणून सह्याही दोघांच्या हव्यात.

राहण्याचा हक्क ठेवला तर दान कच्चं राहतं, ही भीती मात्र सोडा. हयातीपर्यंत ताबा आणि वापर स्वतःकडे ठेवून दिलेलं बक्षीस वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. (मुस्लिम कायद्यातल्या हिब्याचे, म्हणजे दानाचे, ताब्याबाबतचे नियम वेगळे आहेत.) उलट ‘मला वाटेल तेव्हा दान रद्द करीन’ हे कलम घालू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार मनात येईल तेव्हा परत घेता येणारं बक्षीस मुळातच निरर्थक. मन बदलेल असं वाटत असेल तर मृत्युपत्र करा, ते केव्हाही बदलता येतं. माझ्या मते बहुतेकांना तेच पुरतं.

“विश्वस्त घरच्यासारखे आहेत” यावर विसंबू नका. विश्वस्त मंडळं बदलतात. सहा महिने मुलीकडे अमेरिकेला गेलात तर कुलूपबंद घरावरचा तुमचा हक्क कायम राहील ना? रात्रंदिवसाची बाई ठेवता येईल ना? एक खोली भाड्याने देता येईल का? मेंटेनन्स आणि मिळकतकर कोण भरणार, वरच्या मजल्यावरून गळती लागली तर खर्च कोणाचा, हे दस्तातच हवं.

आणि पुनर्विकास! पुण्या-मुंबईत हा प्रश्न आज ना उद्या येणारच. सोसायटीच्या लेखी मालक संस्था. मग बिल्डरचं दरमहा भाडं कोणाच्या खात्यात येणार, सामान हलवायचा खर्च कोण देणार, नव्या फ्लॅटमध्ये तुमचा राहण्याचा हक्क चालू राहणार का? मसुद्यात हे कलम क्वचितच सापडतं.

पैशांबाबत दोन गैरसमज. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवाला दिलं की मुद्रांक शुल्क २०० रुपये, म्हणून संस्थेलाही तेवढंच, असं नाही. ती सवलत नात्यातल्यांसाठी आहे. संस्थेसाठी बाजारमूल्यावर हिशेब होतो, तेव्हा तो खर्च कोण उचलणार ते आधीच ठरवा. दुसरं म्हणजे ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी देणगीवरची आयकर वजावट. ही वजावट पैशाच्या देणगीवर मिळते, घर किंवा वस्तूच्या दानावर नाही.

संस्थेने दान तुमच्या हयातीतच स्वीकारलं पाहिजे. म्हणून विश्वस्तांचा ठराव आणि अधिकृत व्यक्तीची सही मागा. दस्त नोंदणीकृत आणि किमान दोन साक्षीदारांचा हवा. पुढे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (संस्थेच्या नोंदीत हे घर चढवण्यासाठी) देणं विश्वस्तांचं काम. त्याची पोच मागून घ्या.

सोसायटीच्या फॉर्मवर संस्थेला नॉमिनी केलं म्हणजे दान झालं, हाही भ्रम. वारस हक्क सांगू शकतात. घर वडिलोपार्जित असेल तर दस्ताआधीच वकिलाला दाखवा.

काकांचा दस्त शेवटी चार पानांचा झाला. पुनर्विकासाच्या कलमात काकूंनी स्वतः एक ओळ घालायला लावली: ‘तात्पुरते घर तळमजल्यावर अथवा लिफ्ट असलेल्या इमारतीतच असावे.’