रेडिओच्या तबकड्या बघायला जाण्याआधी

फोंड्याच्या नाहीतर डिचोलीच्या एखाद्या जुन्या घरातून 'माळ्यावर रेडिओच्या रेकॉर्डी सापडल्यात' असा निरोप आला की आधी एवढंच सांगून ठेवा: पुसू नका, वाजवू नका. बाकी सगळं नंतर. जाणं शक्यतो पाऊस सरल्यावर ठेवा.

पिशवीत टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, ताठ मोजपट्टी, लहान चुंबक, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल, वही आणि कोरी कागदी पाकिटं घ्या. स्पिरिटची बाटली मात्र घरीच ठेवा. लाखेच्या जुन्या रेकॉर्डी अल्कोहोलने विरघळतात, आणि स्टुडिओत कोरलेल्या लॅकरच्या तबकड्यांनाही (धातूवर किंवा काचेवर मऊ काळा थर चढवलेल्या) ते सोसत नाही.

तिथे पोचल्यावर सगळ्यात आधी माप घ्यायचं. सोळा इंच भरली तर ती जवळजवळ नक्कीच रेडिओसाठी काढलेली. फेरे मिनिटाला ३३⅓, एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं. घरच्या ग्रामोफोनवर ती मावतच नाही. बारा इंची असेल तर लगेच ठरवू नका. बीबीसीने बाहेरच्या केंद्रांना पाठवलेले कार्यक्रम बारा इंची एलपीवरही आहेत. अमेरिकी सैनिकांसाठी १९४३ ते १९४९ मध्ये निघालेल्या व्ही-डिस्कही बारा इंचीच, पण त्या ७८ फेऱ्यांच्या.

मग कड बघा. इथे घाई करू नका, कारण तबकडी कशाची आहे हे कडेवरच कळतं. काळ्या थराखाली धातू चमकला तर ती साच्यातून दाबून काढलेली नाही, यंत्रावर एकेक करून कोरलेली आहे. चुंबक चिकटलं नाही तर बहुधा ॲल्युमिनियम, चिकटलं तर पोलाद. धातूऐवजी काच दिसली तर काळ युद्धाचा असण्याची शक्यता मोठी, कारण तेव्हा ॲल्युमिनियम विमानांकडे वळवलं होतं. काचेची तबकडी दोन्ही हातांनीच उचला. मधल्या भोकाशेजारी आणखी एखाददुसरं भोक असेल तर तीही कोऱ्या तबकडीवर कोरल्याची खूण. अशा तबकडीची दुसरी प्रत जगात नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून तिला गठ्ठ्यातून वेगळी काढा.

तिच्यावर पांढरी, तेलकट भुकटी दिसली तर आपल्याकडे लगेच बुरशी समजून कापड फिरवतात. गोव्याच्या दमट हवेत बुरशी खरंच येते, त्यामुळे ही चूक सहज होते. पण लॅकरमध्ये एरंडेल मिसळलेलं असायचं. थर जुना होऊ लागला की त्यातलं मेदाम्ल वर येतं आणि अशी भुकटी धरते. आधी फोटो काढा. ही भुकटी म्हणजे तबकडी लॅकरची असल्याचा पुरावा आहे, आणि तिच्यातला आवाज लवकर उतरवून घ्यायला हवा असा इशाराही.

लेबल वाचायला बसाल तेव्हा वहीत दोन रकाने आखा, एक जन्माचा (तबकडी मुळात कुठे निघाली), एक मुक्कामाचा (नंतर ती कुठे कुठे राहिली). आपल्याकडे सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. 'लादो' म्हणजे बाजू; हा शब्द दिसला की लेबल पोर्तुगीज, पण म्हणून ध्वनिमुद्रण पणजीचं ठरत नाही. एमिसोरा दे गोआ हे पोर्तुगीज काळातलं रेडिओ केंद्र १९४६ पासून १९६१ पर्यंत चाललं आणि पोर्तुगालमध्ये निघालेलं संगीतही इथे वाजत होतं. पुढे आकाशवाणी आली; तिची ट्रान्स्क्रिप्शन सेवा, म्हणजे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवणारा विभाग, १९५४ पासूनची. ग्रंथालयाचा रबरी शिक्का, कपाटाचा क्रमांक, 'विक्रीसाठी नाही' अशी सूचना हे सगळं नीट उतरवा, पण शिक्का मुक्कामाच्या रकान्यात. जन्माच्या रकान्यात जायचा तो लेबल आणि खाचा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यातला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक. लेबल चुकीचं डकवलेलं असू शकतं, हा नंबर तबकडीतच उमटलेला असतो. टॉर्च आडवी धरा. वाचता येत नसेल आणि तबकडी दाबून काढलेली असेल, तर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल हलकेच घासा. मऊ लॅकरवर हा प्रयोग नको, तिथे फोटोच घ्या.

एका तबकडीवर भाग पहिला आणि तिसरा, दुसरीवर दुसरा आणि चौथा असं निघालं तर जोड्या चुकल्या असं समजू नका. दोन टर्नटेबलवर कार्यक्रम खंड न पडता वाजावा म्हणून रेडिओसाठी तसंच करत. काही तबकड्या आतून बाहेर वाजतात, तेही लेबलवर लिहिलेलं असतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायला तासभर हाताशी ठेवा. रेडिओत कोण होतं, पेटी कुठून आली, कोणत्या साली, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. मुक्कामाचा रकाना बहुतेक वेळा त्यातूनच भरतो.

निघताना तबकड्या पाकिटांत घालून पेटीत उभ्या ठेवा, एकमेकींवर आडव्या नकोत. गाडी उन्हात लावून जेवायला थांबू नका. वाजवणं सगळ्यात शेवटी आणि जाणत्या माणसाकडेच, खाचेच्या रुंदीला जुळेल अशी हलकी सुई लावून. त्याच पहिल्या वेळी ध्वनिमुद्रण करून घ्यायचं.