पुस्तक किती आणि आपण किती: परीक्षण लिहू पाहणाऱ्या गेम मास्टरसाठी

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन आणि फासे टाकत गोष्ट रचण्याच्या रोल-प्लेइंग खेळांतला वीस बाजूंचा फासा, पात्राचा कागद, सेशन (एक बैठक) आणि कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, एखाद्या टेबलावर तुम्ही खेळलेलेही आहात, आणि आता स्वतः गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, व्हावे, पुढे जमल्यास खेळांची व साहसांची (त्यांत खेळायच्या तयार कथानकांची) परीक्षणेही लिहावीत असे तुमच्या मनात आहे, असे धरून मी हे लिहिते आहे. ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली तर ती एकमेकांना पोसतात हे खरे आहे, परंतु ती एकमेकांना बिघडवतातही, आणि त्या बिघाडाबद्दल नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. मला तो उमगायला फार वेळ लागला आणि आजही प्रत्येक परीक्षण लिहिताना त्याच्याशी झगडावे लागते, म्हणून या लेखाचा मोठा भाग मी त्यालाच दिला आहे.

आधी खेळ चालवण्याविषयी थोडक्यात. पहिल्याच वेळी स्वतःचे जग रचायला बसू नका. नकाशे, राजघराणी आणि शेकडो वर्षांचा इतिहास लिहिण्यात महिने जातात, आणि खेळाडू मात्र पहिल्या गावातल्या पहिल्या खाणावळीतच सगळी संध्याकाळ रमतात. छापील, लहान आणि एका बैठकीत संपणारे साहस घ्या. पैशांची अडचण आता राहिलेली नाही, कारण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत आणि ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भयकथांच्या खेळाची क्विक-स्टार्ट, म्हणजे तोंडओळखीची, पुस्तिकाही मोफत मिळते. खेळाडू तीन किंवा चार पुरेत. सहा जणांच्या सुट्ट्या जुळवण्यातच बहुतेक कॅम्पेन संपून जातात, हे कटू असले तरी आधीच ऐकून ठेवा.

गुरूंविषयी माझे मत ठाम आहे. ‘क्रिटिकल रोल’सारखे, हे खेळ खेळून दाखवणारे कार्यक्रम आनंदाने पाहा, पण त्यांवरून आपले टेबल मोजू नका, कारण तिथे बसलेली माणसे आवाजाचा अभिनय करणारे व्यावसायिक कलावंत आहेत. सल्ल्यांच्या चित्रफिती एकामागून एक पाहिल्याने खेळ चालवायला येत नाही. खरा उपयोग होतो तो तुमच्याच टेबलावर खेळाडू म्हणून बसणाऱ्या आणि खेळ संपल्यावर ‘अमुक ठिकाणी पुढे काय करायचे ते मला कळत नव्हते’ एवढेच सांगणाऱ्या अनुभवी माणसाचा. मध्येच थांबवून नियम दुरुस्त करणारा गुरू कितीही विद्वान असला, तरी पहिल्या काही सेशनसाठी तो नको.

आता मुख्य गोष्टीकडे येते. साहसाचे पुस्तक हा अर्धवट मजकूर असतो आणि उरलेला अर्धा भाग गेम मास्टर त्या क्षणी, टेबलावर, बोलता बोलता भरतो. तो भरणे हेच त्याचे कौशल्य आहे. अडचण अशी की जितके हे कौशल्य वाढते तितके भरण्याचे काम नकळत होऊ लागते, आणि चार दिवसांनी परीक्षण लिहायला बसल्यावर स्वतः भरलेला भाग आपण प्रामाणिकपणे पुस्तकाच्या नावावर जमा करतो. पुस्तक पोकळ असूनही आपण ते उत्तम म्हणून सांगतो, मग वाचक ते विकत घेतो आणि त्याच्या टेबलावर ते कोसळते. याच्या उलटही तितक्याच वेळा होते: पुस्तकात असलेली गोष्ट आपण घाईत वगळतो आणि तिच्या अभावाचा दोष पुस्तकाला देतो.

‘कॉल ऑफ क्थुलू’मधले ‘द हॉन्टिंग’ हे साहस घेऊ. (ज्यांना ते खेळाडू म्हणून खेळायचे आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.) 1981 साली निघालेल्या या खेळाच्या पहिल्या आवृत्तीपासून ते चालत आले आहे आणि आजच्या क्विक-स्टार्टमध्येही आहे, त्यामुळे ते असंख्य नवख्या कीपरांच्या (या खेळात गेम मास्टरला कीपर म्हणतात) हातून गेले आहे.

1920 च्या दशकातल्या बॉस्टन शहरात एक घरमालक आपल्या बदनाम घराची चौकशी करायला खेळाडूंना नेमतो. साहसाचा एक भाग वृत्तपत्राच्या जुन्या कात्रणांत, ग्रंथालयात आणि सरकारी दप्तरांत घडतो, तर दुसरा त्या घरात. खेळाडू पुष्कळदा पहिला भाग ओलांडून थेट घराच्या दारात जाऊन उभे राहतात. अशा वेळी आपण घरमालकाच्या तोंडी एखादे वाक्य घालतो, एखादी शेजारीण उभी करतो किंवा ग्रंथालयात सापडायची माहिती तळघरातल्या कागदांत सरकवतो, आणि सेशन सुंदर होते. पंधरा दिवसांनी मात्र ती शेजारीण पुस्तकातली होती की आपली, हे पान उघडल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. परीक्षणात आपण लिहितो की ‘तपासाचे धागे सहज जुळतात’. ते पुस्तकाने जुळवले होते की आपण, हा प्रश्न वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो आणि नेमके त्याचेच उत्तर आपल्याजवळ नसते.

याची उलट बाजू ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’मध्ये दिसते. 2014 च्या स्टार्टर सेटमधल्या या साहसाच्या आरंभीच रस्त्यावर चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात, आणि पहिल्या पातळीच्या पात्रांना ते जड जातात. यात सगळी पात्रे मेली, म्हणून साहस नवख्यांसाठी अयोग्य आहे, अशी तक्रार होते. वास्तविक पुस्तकात सांगितले आहे की गॉब्लिन जिंकले तर ते पात्रांना बेशुद्ध अवस्थेत सोडतात, लुटतात आणि निघून जातात. ही सूचना ज्याने वाचली नाही त्याचा अनुभव खोटा नसतो, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा ठरतो. ही लढत अवघड आहे, अशी टीका अवश्य करावी. त्या सूचनेचा उल्लेख टाळून करू नये.

यावर मला सापडलेला उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. साहसाची छापील प्रत किंवा प्रिंटआउट समोर ठेवा आणि हातात पेन्सिल असू द्या. आपण काही नवे घातले की समासात अधिकचे चिन्ह, वगळले की वजाचे, बदलले की गोल. खेळ चालू असताना यापेक्षा जास्त लिहिता येत नाही आणि लिहूही नये, कारण समोर माणसे बसलेली आहेत. मात्र त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, त्या प्रत्येक चिन्हापुढे एक ओळ लिहा: काय घातले आणि ते का घालावे लागले. ‘का’ फार महत्त्वाचे आहे. पुस्तकात भोक होते म्हणून घातले असेल तर तो परीक्षणाचा विषय होतो, आणि आपल्या खेळाडूंना विनोद आवडतो म्हणून घातले असेल तर होत नाही. दुसऱ्या दिवशी हे काम करू म्हणाल तर ते होणार नाही. या बाबतीत मी कोणालाही सूट देत नाही.

आकडेही तपासा. एखादी अत्यावश्यक माहिती एकाच रोलमागे, म्हणजे फासे टाकून मिळणाऱ्या एकाच यशामागे, दडवलेली असेल आणि पात्राचे कौशल्य 50 टक्के असेल, तर निम्म्या टेबलांवर ती पहिल्या प्रयत्नात मिळणारच नाही. तीन वेगळ्या वाटांनी ती मिळत असेल आणि प्रत्येक वाटेवर तेवढीच शक्यता असेल, तर तिन्ही चुकण्याची शक्यता केवळ 12.5 टक्के उरते. खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी 2008 मध्ये मांडलेल्या, प्रत्येक आवश्यक निष्कर्षासाठी किमान तीन धागे ठेवा असे सांगणाऱ्या तीन धाग्यांच्या नियमाला या हिशेबाचा चांगला आधार मिळतो. पण घाई करू नका. ‘कॉल ऑफ क्थुलू’च्या सातव्या आवृत्तीत फसलेला रोल धोका पत्करून पुन्हा करता येतो, म्हणजे त्या 50 टक्क्यांचे 75 होतात. हा नियम विसरून साहसाला नावे ठेवणारा लेखक आपला वेगळाच खेळ चालवत असतो.

दुसरा खेळ चालवून पहिल्याचे परीक्षण करण्याचा प्रकार नियमपुस्तकांच्या बाबतीत फार आढळतो. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या 2010 च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये सहा बाजूंचे दोन फासे टाकतात, 10 किंवा अधिक म्हणजे पूर्ण यश, 7 ते 9 म्हणजे किंमत मोजून मिळालेले यश. फाशांच्या बेरजेत एक मिळवायला मिळणाऱ्या पात्राच्या बाबतीत 36 पैकी 16 जोड्या, म्हणजे सुमारे 44 टक्के रोल, या मधल्या पट्ट्यात पडतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची सवय असलेला गेम मास्टर त्या पट्ट्याला साधे यश समजून पुढे जातो, जवळजवळ निम्मा खेळ टाकून देतो आणि मग खेळ उथळ आहे असे लिहितो. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये फासे टाकण्यापूर्वी परिस्थिती किती धोक्याची आहे आणि परिणाम किती होईल हे मोकळेपणाने सांगायचे असते, ते न सांगता चालवलेल्या सेशनवरून त्या खेळाविषयी मत बनवता येत नाही.

मराठी टेबलावर ही गुंतागुंत आणखी वाढते. पुस्तक इंग्रजीत असते आणि आपण बोलतो मराठीत, त्यामुळे खेळाडूंना वाचून दाखवण्यासाठी चौकटीत छापलेले वर्णन आपण जसेच्या तसे कधीच वाचत नाही. ते मनात घेऊन आपल्या शब्दांत सांगतो, त्यातला पसारा काढतो, पावसाळी रात्रीचे वर्णन आपल्या आठवणीतल्या पावसाने करतो. खेळाडूंच्या अंगावर काटा आला तर ते श्रेय बव्हंशी सांगणाऱ्याचे असते. म्हणून लेखनशैलीविषयी मत द्यायचे असेल तर ती चौकट स्वतंत्रपणे, मोठ्याने, मूळ भाषेत वाचून पाहा आणि मगच लिहा. हे सगळे वाचून घाबरू नका. आपल्या भाषेत खेळ रंगतो याचा आनंद मोठाच आहे, तो जपा.

परीक्षणाच्या सुरुवातीलाच काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: हे चालवले आहे की केवळ वाचले आहे, किती खेळाडू होते, किती तास लागले, कोणती आवृत्ती वापरली, काय बदलले, आणि प्रत विकत घेतली की लेखकाने पाठवली. केवळ वाचून लिहिलेले परीक्षणही उपयोगी असते, फक्त तसे सांगितलेले असावे. खेळाडूंना ‘मजा आली का’ असे विचारू नका, कारण मित्र होकारच देतात. त्याऐवजी आठवडा उलटल्यावर ‘काय आठवते?’ असे विचारा, आणि आलेली उत्तरे समासातल्या चिन्हांशी ताडून पाहा.

टेबलावर शांतता पसरली म्हणजे आपण हरलो, असे नव्यांना वाटते. तसे नसते, पुष्कळदा खेळाडू विचार करत असतात. नियम आठवला नाही तर योग्य वाटेल तो निर्णय द्या, खेळ पुढे न्या आणि नंतर तपासा. भयकथा चालवण्यापूर्वी कोणते विषय नकोत हे मात्र प्रत्येकाला विचारलेच पाहिजे. यात संकोच करू नका आणि आपल्या मित्रांना आपण ओळखतो असे गृहीत धरू नका.

पहिले परीक्षण जाड नियमपुस्तकाचे लिहू नका, कारण त्यासाठी महिनोन्‌महिने खेळावे लागते. आठ-दहा पानांचे साहस निवडा आणि ते दोन वेगळ्या गटांबरोबर चालवा; पहिल्या गटातला कोणीही दुसऱ्यात नसावा. मग दोन्ही प्रती शेजारी ठेवा. दोन्हीकडे एकाच ओळीपाशी अधिकचे चिन्ह दिसले तर तिथे बहुधा पुस्तकच कमी पडले आहे, आणि ते पान क्रमांकासह लिहायला तुम्ही मोकळे आहात. चिन्ह एकाच प्रतीत असेल तर त्या रात्रीची ओळ पुन्हा वाचा, आणि तरीही शंका राहिली तर तो मुद्दा परीक्षणातून काढून टाका.