घरकुल मंजूर झालं पण पैसे पुरत नाहीत? लोन घेण्याआधी हे वाचा

घरकुलाच्या यादीत नाव आलं की वाटतं आता घर झालंच. पण प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे सपाट भागात मिळतात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, वर रोजगार हमीची 90 ते 95 दिवसांची मजुरी आणि संडासाचे 12 हजार, आणि सिमेंट-सळईचे भाव बघता भिंती उभ्या राहतात पण स्लॅबला येऊन काम अडतं. मग लोक जातात खाजगी फायनान्सवाल्यांकडे, दर आठवड्याला हप्ता. प्लीज, तिकडे जायच्या आधी हे करून बघा.

पहिली गोष्ट, अनुदान फेडायचं नसतं, ते लोन नाही. पण याच योजनेत लाभार्थ्याला बँकेकडून 70 हजारापर्यंत कर्ज मिळवून द्यायची सोय आहे, व्याज नेहमीपेक्षा 3 टक्के कमी. हे गावात कोणी सांगतच नाही, याचा मला खरंच राग येतो. आपणच ग्रामसेवकाला किंवा पंचायत समितीत घरकुलाचं काम बघणाऱ्या इंजिनिअरला विचारायचं, मंजुरीपत्राची कॉपी घ्यायची आणि जिथे आपलं खातं आहे त्या बँकेत लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायचीच. लोन द्यायचं की नाही हे शेवटी बँक ठरवते, म्हणून जोतं झालं की लगेच अर्ज टाका, स्लॅब अडल्यावर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जागेचे कागद. बरेच जण ग्रामपंचायतीचा नमुना आठ घेऊन बँकेत जातात, त्यावर आजोबांचंच नाव असतं, घरपट्टी मात्र आपण भरतोय. पण नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, त्यामुळे मोठं होम लोन हवं असेल तर बँक तिथेच थांबते. गावठाणातल्या घराला लागतं प्रॉपर्टी कार्ड. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून ती देतायत, तुमच्या गावाचं झालंय का ते तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात विचारा. कार्ड हातात आलं की नावं नीट वाचा, भाऊ, आत्या, चुलते कोण कोण आहे त्यावर, कारण जेवढी नावं तेवढ्या सह्या बँक मागणार, आणि आत्याला आधी घरी जाऊन समजावून सांगितलेलं बरं, ऐन वेळी स्टॅम्प पेपर घेऊन गेलं की माणसं बिथरतात.

घर शेतात बांधायचं असेल तर एनए, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेण्याचा प्रश्न येऊ शकतो, तो तहसीलमध्ये आधी विचारून क्लिअर करा.

जागाच नसेल तर राज्याच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून 500 चौरस फुटापर्यंत जागा घ्यायला 1 लाखापर्यंत मदत मिळते, मात्र त्यासाठी घरकुलाला पात्र असायला लागतं.

यादीत नावच नसेल तर लगेच हार मानू नका. 2024 ला निकष सैल केलेत, टू-व्हीलर किंवा फ्रीज आहे म्हणून आता नाव कापत नाहीत, घरातल्या कुणाची कमाई महिन्याला 15 हजाराच्या वर नसली पाहिजे. चारचाकी, सरकारी नोकरी, इन्कम टॅक्स असेल तर मात्र नाही बसत.

आणि सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या जुन्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो अर्जाआधी काढा. बचत गटाचा किंवा पीक कर्जाचा जुना थकलेला हप्ता दिसला तर आधी तो भरून नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) घ्या, मगच बँकेत जा.